मटकीला मोड

रेणूने ओट्यावर मटकीच्या तीन पुरचुंड्या मांडल्या होत्या. मटकी तीच, पाणी तेच, फक्त कापड वेगळं. एक बाबांच्या रुमालात, एक पंच्यात, एक आईच्या साडीच्या तुकड्यात. आई वारल्यापासून बाबांनी भिजवलेल्या मटकीला मोडच येत नव्हते.

साडीतल्या मटकीला चांगले लांब मोड आले होते. बाबा हरखले. "म्हणजे आईच्या साडीचंच कापड लागतं तर."

"नाही बाबा, प्रयोग चुकला," रेणू खाली बघत म्हणाली. "बाई म्हणतात, एकच गोष्ट बदलायची. ही पुरचुंडी मी रात्री कुशीत घेऊन झोपले. ऊब हिलाच मिळाली."

"मग उद्या पुन्हा करू."

रेणूने मटकी काढून रिकामं फडकं नाकाशी धरलं. बराच वेळ धरलं.

"आता याला मटकीचाच वास येतोय, बाबा."