एकही खिळा नसलेलं घर

“पत्र्याच्या वस्तीतलं कोणी या घरात राहत नाही,” मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

काजंवाल्या मावशींनी घरभर नजर फिरवली. तीस वर्षं त्या कारखान्यात शर्टांना काजं करत आल्या होत्या. चुकलेला टाका त्यांना हातभर लांबून दिसायचा. पण इथे आपलं काय चुकलं, ते काही केल्या कळेना. घर तर लख्ख होतं. विजेच्या बटणांवरचा प्लास्टिकचा कागदसुद्धा त्यांनी अजून काढला नव्हता.

नेमकं तेच चुकलं होतं.

वस्ती पाडून त्या बदल्यात इमारतीत घरं देणाऱ्या कार्यालयात निनावी पत्र गेलं होतं. चौथ्या मजल्यावरचं घर मूळ माणसांनी विकलं, आत भलतीच बाई बसली आहे. मॅडम तपासायला आल्या होत्या. मावशींनी कागद पुढे केले.

“घर विकणारा कागदही देतोच की बरोबर,” मॅडम म्हणाल्या.

ओळखपत्रावरचा फोटो इतका जुना आणि पुसट, की त्यात आपण आहोत की आपली सासू, हे मावशींनाही छातीठोक सांगता आलं नसतं. मुलगा बस घेऊन गेलेला, सून दवाखान्यात ड्युटीवर. शेजारणीला बोलावू म्हटलं तर मॅडम हसल्या. शेजारी एकमेकांसाठी सांगतातच, म्हणाल्या.

“वस्तीतून आलेलं घर मला दारातूनच कळतं, बाई. भिंतभर खिळे. खिळ्याला पिशवी, पिशवीवर पिशवी. तिथे जमीन ओली असायची, म्हणून सगळा संसार भिंतीवर. ती सवय जात नाही माणसाची. तुमच्याकडे चार वर्षांत एक खिळा नाही?”

खरंच नव्हता. सून एका खिळ्यासाठी विनवण्या करून थकली होती. घड्याळ बिचारं फ्रिजवर भिंतीला टेकून उभं होतं. मावशींच्या यजमानांचा फोटोही टेबलावरूनच घर बघत होता. मावशींचं एकच म्हणणं असायचं, “भोकं पडलेल्या पत्र्यांत जन्म काढला. आता कुठे धड भिंत मिळालीय. तिला भोक पाडाल तर माझ्याशी गाठ आहे.”

दिवसाचं काम आटोपलं की त्या या भिंतीवरून नुसता हात फिरवायच्या. आपली भिंत. पावसाला न भिणारी, वाऱ्याने न वाजणारी. आणि आज तीच भिंत त्यांच्यावर उलटली होती.

“पंधरा दिवसांत घर रिकामं करायचं,” मॅडम म्हणाल्या आणि हॉलच्या भिंतीला पाठ टेकून नोटीस भरू लागल्या.

मावशींना आधी रडू आलं, मग राग आला. राग बरा, त्याने निदान हातपाय हलतात.

“खिळा पाहिजे ना तुम्हाला? थांबा, ठोकते!”

त्या तरातरा आतल्या खोलीत गेल्या. बटणांच्या डब्यात तळाशी पाच खिळे होते, जुन्या घराचे. ते घर पाडलं त्या दिवशी त्यांनी ते उपटले होते, दगडावर ठोकून सरळ केले होते. कशासाठी, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. मुलाची हातोडी शोधली. हॉलला लागून असलेल्या भिंतीवर खिळा धरला. या भिंतीवर घाव घालायचा? हातोडी वर गेली आणि तोंडातून आपोआप हाक निघाली,

“सरका गं, ठोकतेय!”

आणि त्या थांबल्या. वस्तीत दोन घरांमध्ये एकच पत्रा असायचा. इकडे ठोकलेला खिळा तिकडे बाहेर यायचा, कोणाच्या पाठीत नाहीतर तान्ह्या पोराच्या डोक्यात. म्हणून ठोकण्याआधी हाक द्यायची आणि पलीकडून उत्तर आल्याशिवाय घाव घालायचा नाही, हा तिथला कायदा. कोणी लिहिलेला नव्हता, पण मोडलेलाही कधी कोणी ऐकला नव्हता.

मग मावशींना आपलंच हसू आलं. पलीकडे आता शेजारीण कुठली, आपलाच हॉल आहे. उत्तर कोण देणार?

“ठोक गं, सरकले!”

आवाज मॅडमचा होता, पण त्यात मॅडम कुठेच नव्हती.

मावशी हातोडी घेऊन दारात आल्या. मॅडम भिंतीपासून चांगल्या दोन पावलं लांब उभ्या होत्या. फाइल छातीशी घट्ट धरलेली. पेन खाली पडलं होतं.

“वस्तीत कितवी ओळ?” मावशींनी हळूच विचारलं.

“अकरावी. नाल्याकडची.” मॅडमनी वाकून पेन उचललं. “पहिल्या इमारती झाल्या तेव्हाच आम्हाला घर मिळालं. मी सातवीत होते. आयुष्यात पहिल्यांदा दार लावून अभ्यास केला, मावशी.”

मावशींचा ऊर भरून आला. अकराव्या ओळीतली पोरगी साहेब झाली होती! त्यांनी स्वतः शिकवलं असतं तरी याहून जास्त अभिमान वाटला नसता. मॅडमनी नोटीस फाडून चार तुकडे केले.

पण उत्तर आलं होतं, तेव्हा ठोकणं भाग होतं. मावशी आत गेल्या आणि सगळा जीव एकवटून घाव घातला. रंगाचा एक टवका उडाला, बस्स. वाकलेला खिळा तळहातावर घेऊन, एखादं बक्षीस मिरवावं तशा त्या बाहेर आल्या. मॅडम अजून भिंतीपासून लांबच उभ्या होत्या.

“टेक पोरी, खुशाल टेक पाठ,” मावशी म्हणाल्या. “या भिंतीतून काही बाहेर येत नाही.”