दासीची नक्कल

"एका कागदाचा वेगळा भाग? छे छे! 'इतर कागद'मध्ये टाक आणि मोकळी हो," साहेब म्हणाले.

भाचीनं स्कॅनरचं झाकण मिटलं. समोर आत्या खुर्चीच्या कडेवर बसली होती. ठेवणीतले कपडे, मांडीवर प्लास्टिकची पिशवी. घडीवर विरलेला तो कागद तिनं आयुष्यभर जपला होता, आणि आज भाचीच्या ग्रंथालयात स्वतः घेऊन आली होती. 'इतर' हा शब्द ऐकून तिनं पिशवीची उगाचच घडी घातली.

घरात आत्याच्या नाटकाचा विषय निघाला की भाचीचे बाबा हसायचे. "काय तर म्हणे नटी! उभ्या नाटकात दासीचं एक वाक्य!" आत्याही हसायची, आणि मग काहीतरी निमित्त काढून आत जायची.

ती नाटक कंपनी कधीच बुडाली होती. पूर्ण नाटकाची वही गेली, उरल्या फक्त नकला. तिथे प्रत्येक नटाला त्याच्यापुरतीच भाषणं लिहून देत, आणि आपली पाळी कळावी म्हणून आधीच्या पात्राचे शेवटचे तीन-चार शब्द. राजाची नक्कल जाडजूड, प्रधानाची तिच्या खालोखाल. भाचीनं डोळे फोडून त्या सगळ्या एकाच नाटकाचे भाग म्हणून संगणकावर लावल्या होत्या. वाचणाऱ्यानं या भागातून त्या भागात जात अख्खं नाटक वाचावं, एवढीच तिची हौस. फक्त एका जागी घोडं अडलं होतं.

"साहेब, तिसरा अंक बघा ना," ती म्हणाली. "राजा विचारतो, 'राणी कुठे आहे?' आणि प्रधानाच्या नकलेत त्याच्या पुढच्या भाषणाआधीचे शब्द आहेत, 'दार उघडंच आहे.' हे बोलतं कोण? कुणाच्याच नकलेत नाही. तुम्हीच तिथे 'भाग गहाळ' लिहायला लावलंत."

साहेबांनी चष्मा वर केला. "मग?"

"मग काय! आत्या, म्हण गं."

"इथे? अगं, काहीतरीच तुझं!" आत्या लाजली. पण उठली. पदर सारखा केला, दोन पावलं मागे गेली आणि वळली तेव्हा ती आत्या नव्हतीच.

"राणीसाहेब गेल्या, सरकार. दार उघडंच आहे."

आवाज मोठा नव्हता. तरी बाहेर वाचत बसलेल्या लोकांनी माना वर केल्या. साहेबांचा चहाचा कप हातातच राहिला.

"इथून पुढे प्रधान 'घोडे काढा!' म्हणून ओरडतो," भाची हळूच म्हणाली.

"अगं, मग बघत काय बसलीस?" साहेब खेकसले. "ते 'गहाळ' पूस आधी! बाईंना चहा सांगा कुणीतरी!"

संगणकाच्या पडद्यावर प्रत्येक भागाचा एकेक चौकोन उमटला. राजा, प्रधान, राणी, दासी. आत्या वाकून, डोळे बारीक करून बघत होती.

"राजाचा चौकोन एवढाच आहे?"

"एवढाच."

"माझ्याएवढा?"

"अगदी तुझ्याएवढा."

आत्यानं पिशवी काखेत मारली. "फोटो काढ त्याचा. तुझ्या बापाला दाखव. आणि सांग त्याला, मी बोलल्याशिवाय प्रधान घोड्यावर बसत नव्हता म्हणावं!"