नोंदणी गॅनेट कोव्हची

सुज्ञ वाचकहो, न्यूफाउंडलंड प्रांतातील क्लॅरनव्हिल या गावी, एका वकिलीणबाईंच्या कचेरीत, एका भावाबहिणीने आपल्या धंद्याची नोंदणी कोणत्या सरकारकडे केली, त्याचा अल्पसा वृत्तांत येथे सादर करीत आहे. तो शांत चित्ताने वाचावा, ही विनंती.

"देशाकडे नोंदणी केली," वकिलीण मिस टल्क म्हणाल्या, "तर अख्ख्या कॅनडात तुमचं नाव चालेल. पण 'गॅनेट कोव्ह' हे तुमच्या गावाचं नाव काही मिळायचं नाही. ओंटारियोतला एक बिस्किटवाला ते आधीच धरून बसलाय. दुसरं नाव घ्यावं लागेल. प्रांताकडे केली, तर 'गॅनेट कोव्ह' आजच देते. मात्र ते या प्रांतापुरतं. टोरोंटोत त्या नावानं दुकान थाटता येणार नाही."

गार्फ पिचर याचा निश्चय पूर्वीच झालेला होता. सारे तारुण्य त्याने टोरोंटोत ट्रक चालविण्यात घालविले होते. थोरली बहीण एफी हिने रानात वाकून वाकून वेचलेल्या पार्ट्रिजबेरींचा आंबटगोड मुरांबा त्याने तेथील दुकानदारांना चाखविला होता. त्यांची मागणी आली होती. स्वतःच्या दुकानासाठी जागाही हेरून ठेवली होती. ट्रकमधून उतरण्याची ही त्याची एकमेव संधी होती.

"देशाकडेच करा," तो म्हणाला. "नाव ठेवू 'अटलांटिक गोल्ड'."

"हे मुरांब्याचं नाव की तंबाखूचं?" एफी म्हणाली.

"ताई, अगं गॅनेट कोव्हमध्ये आता राहतं कोण? समुद्रातले सील. नावाला कवटाळून बसायचं, तर मुरांबा त्यांनाच विक."

"विकते की. उधारी तरी ठेवणार नाहीत."

मग तिने मांडीवरील हातमोजे सारखे केले.

"कर तुला हवं तसं. दुकान तुला चालवायचंय."

पुष्कळ वर्षांपूर्वी सरकारने लहान लहान गावे उठविली, त्या वर्षी गॅनेट कोव्हच्या लोकांनी आपली लाकडी घरे रिकाम्या पिंपांवर तरंगविली आणि होड्यांना बांधून पलीकडच्या किनाऱ्यास नेली. घर पाण्यात लोटण्यापूर्वी या दोघांच्या आईने गुडघ्यांवर बसून सारी जमीन पुसून काढली होती. मळके घर घेऊन परक्या गावात जाणे तिला प्रशस्त वाटले नव्हते.

मिस टल्क कागद आणावयास आतल्या खोलीत गेल्या. बाहेरच्या बाकावर एक पांढऱ्या केसांची म्हातारी आपल्या पाळीची वाट पाहत होती. उघड्या दारातून तिने सर्व संभाषण निःसंकोचपणे ऐकले होते.

"काय रे, तू कुणाचा?" तिने विचारले.

हा प्रश्न गार्फला कित्येक वर्षांत कोणी केलेला नव्हता.

"एलाय पिचरचा. गॅनेट कोव्हचा."

"म्हणजे तो सायकलची घंटा घेऊन हिंडणारा तूच की! गावात रस्ता नाही, तुझ्याकडे सायकल नाही, आणि उजाडलं की ट्रिंग ट्रिंग, ट्रिंग ट्रिंग! माझ्या कोंबड्यांनी अंडी द्यायची सोडली होती, मेल्या!"

गार्फ खुर्चीतून अर्धा उठला. "ड्रुसिलाकाकू?"

"नाहीतर काय इंग्लंडची राणी? केवढा सुटलायस रे! आईनं तुझी ती घंटा पिठाच्या डब्यात लपवली होती. मीच सांगितलं होतं तिला."

"तरीच! मी अख्खा हिवाळा शोधत होतो."

एफी डोळे पुसत हसत होती. गार्फही हसला. त्याचा उजवा अंगठा मात्र घंटा वाजवावी तसा गुडघ्यावर पुन्हा पुन्हा पुढे-मागे सरत होता, त्याचे त्यालाच भान नव्हते.

मिस टल्क दोन्ही प्रकारचे कागद घेऊन परतल्या. "मग? देशाकडे ना?"

गार्फने प्रांताचा कागद आपल्यापुढे ओढला.

"प्रांताकडे," तो म्हणाला. "नाव, गॅनेट कोव्ह."

एफीचे हसू मावळले. "वेडा आहेस का? आणि तुझं दुकान? टोरोंटोच्या लोकांना काय सांगशील?"

त्याने लेखणी उचलली.

"सांगेन, आमचं गाव एकदा हललंय. पुन्हा हलवत नाही."

येथवर ज्यांनी सोबत केली, त्या सर्व वाचकांचे मनःपूर्वक आभार.

आपला नम्र,
विष्णू तुकाराम ढमाले
मुक्काम क्लॅरनव्हिल