सात नंबरची कूस

दुपारी बाराला फोन टुणकन वाजला आणि वृद्धाश्रमातल्या थोरल्या बाई हातातलं काम टाकून सात नंबरच्या खोलीकडे निघाल्या.

'बारा वाजले. सात नंबरची कूस बदलली का?' कामाच्या ग्रुपवर दर दोन तासांनी हा निरोप आपोआप यायचा. अंथरुणाला खिळलेल्या पेशंटला ज्यानं वळवलं त्यानं खाली अंगठा टाकायचा, म्हणजे सगळ्यांना कळायचं. सात नंबरचे आजोबा जाऊन चार दिवस झाले होते. खाटेवर ब्लँकेटची एक लांब गुंडाळी होती, तेवढीच. बाईंनी तिच्याखाली दोन्ही हात घातले, ती हळूच भिंतीकडे वळवली, मागे उशीचा टेकू दिला आणि फोन काढून अंगठा टाकला.

"अहो बाई, काय चाललंय?" दारात ऑफिसातली कारकून उभी होती, काखेत लॅपटॉप.

"दिसत नाही? खाट झाडतेय."

"आणि अंगठा?"

"सवय. तूच लावलीस ना?"

कारकून हसली आणि स्टुलावर बसून लॅपटॉप उघडला. उद्या या खाटेवर नवीन आजी येणार होत्या. पाणी कधी, औषध कधी, कूस कधी, सगळे निरोप नव्यानं लावायचे होते.

"आधी हा सातचा जुना निरोप काढते. गेलेल्या माणसाची दर दोन तासांनी चौकशी! अंगावर काटा येतो हो."

"राहू दे."

"कशाला पण?"

"राहू दे म्हटलं ना! तुझ्या बापाचं काय जातंय?"

कारकुनीला बाईंच्या तोंडाची सवय होती. "मालक म्हणत होते, आता सगळ्या मजल्यांवर हेच सुरू करायचं. सहा महिन्यांत तुमचा एक अंगठा चुकला नाही. पहिल्या दिवशी मात्र केवढ्या फणफणला होतात! तीस वर्षं माणसं वळवतेय, आता मला हा फोन शिकवणार का म्हणून! आता तुम्हीच चार शब्द सांगा सगळ्यांना."

बाईंनी चादरीची नसलेली सुरकुती काढली.

सवय लागली होती, खोटं कशाला बोला. पण लागली ती अंगठ्याला. आजोबा गेले त्या दिवशी दोनला फोन वाजला तेव्हा बाई स्वयंपाकघरात ताटावर होत्या. पहिला घास हातात, डाव्या हातानं अंगठा टाकला. हा घास संपवते आणि जाते. तेवढ्यात पाच नंबरच्या आजी ओकल्या, मग त्यांचं आवरलं, मग चादर बदलली. सातमध्ये पोचायला तीन वाजले. आजोबांचा हात गार लागला. डॉक्टर म्हणाले, झोपेत हृदय थांबलं, वळवलं असतं तरी काही फरक पडला नसता. डॉक्टरांचं काय, सही केली की सुटले. ग्रुपवर दोनचा अंगठा तेवढा जिवंत होता.

एवढ्यात आजोबांची मुलगी आली ती सरळ खोलीतच. वडिलांचा चष्मा आणि रेडिओ न्यायला. चाळिशीची बाई, पण डोळे रडून लहान मुलीसारखे सुजलेले. काळजी नको म्हणून घरच्यांनाही ग्रुपमध्ये घ्यायची इथली पद्धत होती.

"मावशी, मी अजून ग्रुप सोडला नाही," ती म्हणाली. "आत्ता जिन्यात होते, तर तुमचा अंगठा आला बाराचा. पाय पुढे पडेना."

कारकून उगाच खाकरली.

"दुकानात काउंटरवर उभी असायचे ना, तर दोनला तुमचा अंगठा दिसला की मगच डबा उघडायचे. त्या दिवशीही उघडला." तिनं रेडिओ पोटाशी धरला. "एकच विचारायचं होतं. बाराला भिंत, दोनला खिडकी, मला पाठच झालंय. बाबांना खिडकी आवडायची, खाली शाळा सुटते तिथे. म्हणजे शेवटी त्यांचं तोंड खिडकीकडे होतं ना?"

"हो तर!" कारकुनीनं घाईनं लॅपटॉप तिच्याकडे वळवला. "हा बघा ना, दोनचा अंगठा."

नुसतं 'हं' म्हटलं असतं तरी भागलं असतं. पोरगी तेवढ्यावर आयुष्य काढणार होती.

"भिंतीकडे," त्या म्हणाल्या.

"पण अंगठा…"

"अंगठा माझाच. मी नव्हते."

कारकुनीनं लॅपटॉप मिटला. खाली मुलांचा गलका चालू होता.

मुलीनं रेडिओ खिडकीत ठेवला. चपला काढल्या. ब्लँकेटची गुंडाळी उचलून पायथ्याशी सारली आणि ती खाटेवर आडवी झाली, गुडघे पोटाशी घेऊन, भिंतीकडे तोंड करून. डोळे उघडे होते. समोर हातभर अंतरावर नुसता चुना.

किती वेळ गेला कोण जाणे. शेवटी बाई तिला खिडकीकडे वळवायला पुढे झाल्या. एक हात खांद्याखाली घातला, एक कमरेखाली, जसा तीस वर्षं घातला होता.

पोरीनं अंग जड केलं.