राजाचा दैवी अधिकार

परीक्षकांच्या राज्यात तिसरं बंड उसळलं. कॉम्प्युटरच्या पडद्यावर धान्याच्या कोठारांना आग लागली. पुण्याहून आलेले परीक्षक खुर्चीत पुढं सरकले.

"आता काय करायचं?" त्यांनी सुमंतला विचारलं.

"नवी विद्या शिकायची, सर." उत्तर मायानं दिलं. "नांगर, लिपी, लोखंड तुम्ही शिकलात. आता यादीतला 'राजाचा दैवी अधिकार' घेता येईल."

सत्त्याण्णव साल होतं. सांगलीतल्या एका कॉलेजात शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टची तोंडी परीक्षा चालू होती. माया बनसोडे आणि सुमंत आगाशे, दोघांनी मिळून कॉम्प्युटरवर राज्य चालवायचा खेळ केला होता. मिळून म्हणजे, प्रोग्राम सगळा मायाचा. तिचे वडील कुपवाडच्या कारखान्यात लेथ मशीनवर होते. पहिल्या पाळीला जाताना ते तिला लुनावरून कॉलेजच्या फाटकाशी सोडायचे. तेवढ्या पहाटेच लॅबमधलं मशीन मोकळं मिळायचं. सुमंतनं चित्रं काढली, अहवाल टाइप केला. पुण्याची एक कंपनी या वर्गातून एकालाच घेणार होती. ज्याला प्रोजेक्टला सगळ्यांत जास्त गुण, त्याला.

सुरुवातीलाच परीक्षकांनी दोघांची आडनावं विचारली होती. "आगाशे म्हणजे वाईचे का?" म्हणत ते सुमंतशी दोन मिनिटं बोलले. "बनसोडे" ऐकल्यावर नुसतं "बरं" म्हणाले.

आता त्यांनी 'दैवी अधिकार' निवडून कळ दाबली. बंड थांबलं. राजा देवानंच नेमलाय, असं एकदा ठरल्यावर कुणी तक्रार करेना. कर वेळेवर येऊ लागला. परीक्षक खूश झाले. दहा डाव झाले, वीस झाले. शेजारची राज्यं छपाई शिकली, दारूगोळा शिकली. परीक्षकांच्या राज्यात मात्र नवा शोधच लागेना.

"हे अडकलं का काय?"

"नाही सर," माया म्हणाली. "राजाला प्रश्न विचारायचा नाही, अशी सवय लागली की लोक कशालाच प्रश्न विचारत नाहीत. मग त्यांना नवं सुचत नाही. तसा नियम घातलाय."

परीक्षकांनी मांडीवर थाप मारली.

"वा! असला नियम मी कुठल्या खेळात पाहिला नाही." ते सुमंतकडं वळले. "कसं सुचलं रे तुला?"

सुमंतचे कान लाल झाले.

"मला नाही सुचलं, सर. नियम, प्रोग्राम, सगळं मायानं केलंय. मी फक्त चित्रं काढली."

चार वर्षांत मायाच्या बाजूनं असं कुणी बोललं नव्हतं. परीक्षकांनी हसून सुमंतच्या पाठीवर हात ठेवला. "शाब्बास," एवढंच म्हणाले.

दुपारी गुणांचा कागद आला. प्रोजेक्टच्या मार्गदर्शक चारुशीला मॅडम तो वाचताना अडखळल्या. मायाला चौसष्ट. सुमंतला एक्याण्णव.

"खाली शेरा आहे," मॅडम मान वर न करता म्हणाल्या. "'सहकारी विद्यार्थिनीला श्रेय देण्याचा मनाचा मोठेपणा. त्याबद्दल पाच गुण जादा.'"

सुमंत ताडकन उठला.

"अजून ते प्राचार्यांच्या केबिनमध्येच आहेत. मी जातो. पुन्हा सगळं नीट सांगतो त्यांना."

मायानं त्याचा हात धरला. दिवसभर जपून वापरलेली पुस्तकातली भाषा आता तिला आठवली नाही.

"नगं जाऊ, सुमंत. आणिक पाच देतील तुला."