रामेश्वराचं गाडगं

"मदुराईत काय पाहिलं?"

"मीनाक्षीचं देऊळ."

"अन् उटीत?"

"लहानी रेल्वे. चहाचे मळे. थंडीनं लेकरं कुडकुडली."

"रामेश्वरात?"

पुष्पाची नजर खिडकीतून परसाकडे गेली. अड्याळला, तिच्या माहेरच्या मागच्या खोलीत, दार लावून तिचा नवरा इश्वर तिची उजळणी घेत होता. एरवी दिवसभरात चार शब्द न बोलणारा माणूस, पण आल्यापासून तिच्याकडून अख्खा तामिळनाडू पाठ करून घेत होता. महाबलीपुरमचे दगडी रथ, कोडाईकनालचं तळं, कन्याकुमारीला समुद्रातून उगवणारा आणि समुद्रातच बुडणारा सूर्य. सगळं तिला तोंडपाठ झालं होतं. पाहिलं मात्र काहीच नव्हतं.

इश्वर जवाहरनगरात सरकारी नोकरीला होता, तिथल्याच कॉलनीत राहत होता. काही वर्षांतून एकदा बायकापोरांना घेऊन देश पाहायला सरकार रेल्वेभाडं देई. ते त्यानं आगाऊ उचललं आणि गावाकडच्या घरावर नवे कवेलू चढवले. आता रजा संपेपर्यंत सासुरवाडीत दडून बसायचं आणि परतल्यावर दक्षिणेच्या गप्पा हाणायच्या, एवढाच बेत. ब्याऐंशी साल होतं. कॉलनीत टीव्ही कोणाकडे नव्हता. दक्षिण कशी दिसते ते सांगेल तो खरा. शिंपल्यांची माळसुद्धा इश्वरनं भंडाऱ्याच्या बाजारातून आधीच आणून ठेवली होती. खोटेपणातही माणूस टापटिपीचा.

बेतात नव्हतं ते गाडगं. ते परसातल्या आंब्याला टांगलेलं होतं, कारण अस्थी घरात नेत नाहीत.

निघायच्या दिवशी कॉलनीतल्या शेजारच्या सुलोचनाबाई निरोप द्यायला आल्या होत्या. मागच्या वर्षी त्यांचा तरणाताठा मुलगा परसराम तापानं गेला. अस्थी वैनगंगेत सोडल्या, थोड्या रामेश्वरासाठी राखल्या. लाल फडक्यानं तोंड बांधलेलं ते गाडगं तेव्हापासून त्यांच्या अंगणातल्या निंबाला होतं. "पोराले मोकळं करा आता," म्हणून दीर सारखा टोचायचा. आठवड्याआधी पलीकडचे यादोराव रामेश्वराला निघाले. वळकट्या, स्टोव्ह, पाण्याची सुरई, अर्धा संसार बरोबर घेऊन. त्यांच्या हाती सुलोचनाबाईंनी फक्त नारळ दिला. पुष्पाच्या दारात मात्र त्या थबकल्या. तिच्या हातातल्या एकुलत्या एक पिशवीकडे पाहत राहिल्या. मग घरी गेल्या आणि गाडगं घेऊन आल्या.

"परत कवा येता?" एवढंच त्यांनी विचारलं. उत्तर मिळाल्यावर पुन्हा एकदा तेच विचारलं.

"आमच्याचपाशी काहून दिलं वो त्यायनं?" पुष्पा उठता बसता नवऱ्याला विचारी. वाऱ्यानं आंबा हलला की हातातलं काम टाकून ती परसात धावे. गाडगं जागेवर आहे हे पाहून परत येई, आणि पुन्हा जाई.

शेवटी इश्वर वैतागला. "चाल पवनीले. वैनगंगेत सोडून देऊ. पाणी आखीर समुद्रालेच जाते ना?"

हिशेब बिनचूक होता. पवनीच्या घाटावर ती गुडघाभर पाण्यात उतरली. फडक्याच्या गाठीला बोटं लावली आणि तशीच उभी राहिली. उटी न पाहता उटीची थंडी सांगायला तिची ना नव्हती. पण एका आईनं विश्वासानं हाती दिलेलं पोर असं परस्पर उरकून टाकायचं? तिला स्वतःची किळस आली.

"काय करून राहिली? सोड ना!"

"नाई सोडत. मी सुलोचनामावशीले खरं सांगतो."

"माही नोकरी जाईन. समजते का तुले?"

"समजते," ती म्हणाली, आणि ओल्या पातळानं घाट चढून गेली.

रजा संपली. क्वार्टरमध्ये पाऊल टाकताच इश्वरनं शिंपल्यांची माळ दारावर लावली. बायको ऐनवेळी कच खाईल, अशी त्याला अजून आशा होती. पुष्पा मात्र घरात शिरलीच नाही. गाडगं घेऊन ती सरळ सुलोचनाबाईंच्या अंगणात गेली.

सुलोचनाबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. गाडगं दिसताच त्या धडपडत उठल्या. सूप कलंडलं, तांदूळ अंगणभर झाले.

"मावशी, आमी गेलोच नाई," पुष्पाला हुंदका आवरेना. "अड्याळले दडून होतो. सारं खोटं हाये. तुमी मले काय बी बोला. साहेबाले सांगा."

सुलोचनाबाईंनी दोन्ही हातांनी गाडगं घेतलं, पदरानं पुसलं, गाठ सुटलेली नाही ना ते बोटांनी चाचपून पाहिलं. मग निंबाच्या त्याच फांदीला ते पुन्हा टांगलं.

"मले मालूम होतं, बाई," त्या म्हणाल्या. "वळकटी नाई, सुरई नाई, अन् म्हने रामेश्वर!"

"मंग तरी आमच्यापाशी दिलं?"

"दिराचं तोंड बंद करा लागत होतं." म्हातारीचा हात अजून गाडग्यावरच होता. "यादोरावापाशी कसं देऊ, पोरी? तो तं खरंच सोडून आला असता."