सत्त्याण्णवाव्या घरातला साप

"साप कुठाय?" गंगम्मानं विचारलं.

शिवयोगीनं छापलेला कागद तिच्यापुढं नीट पसरला. "काढला, मामी."

"सत्त्याण्णवातला?"

"तेवढाच. बाकीचे सगळे हायेत. मोजून बघा."

गंगम्मानं मोजले नाहीत. सोमवार होता. इष्टलिंगाची पूजा आत्ताच आटोपली होती, कपाळावरची विभूती अजून ओली होती. पूजेनंतर दुपारपर्यंत आवाज चढवायचा नाही, हा तिचा नेम.

शुक्रवार पेठेतल्या या घरात श्रावणात संसारपट मांडायचा, ही तिच्या सासूबाईंच्या, शांतम्माच्या, वेळेपासूनची रीत. कापडावर रंगवलेली शंभर घरं. डावाला बसणारीनं आधी चिठ्ठी उचलायची. कुणी राणी व्हायची, कुणी कोष्टीण, कुणी वाणीण. कवड्या टाकत वर चढायचं आणि प्रत्येक घरात आपल्या सोंगाला शोभेल असं उत्तर द्यायचं. सत्त्याण्णवाव्या घरात मात्र सगळ्यांनी थांबायचंच. तिथं पट चालवणारी एकच विचारी, "तू कोण?" उत्तरात गर्व दिसला की साप गिळायचा. थेट पहिलं घर.

पेठेतल्या बाया कधी ना कधी तिथून सुटल्या. शांतम्मानं गंगम्माला मात्र एकदाही सोडलं नव्हतं. आठव्या वर्षी लग्न होऊन ती मंद्रूपहून या घरात आली, तेव्हापासून नाही. त्या सापानंच तिला उपास धरायला लावले, खाली बघून बोलायला शिकवलं. आपल्यात अजून काहीतरी उरलंय, एवढंच तिला कळत असे.

"राणीची तू मास्तरीण केलीस," ती म्हणाली.

"व्हय. राण्यांचे तनखे सरकारनंच बंद केले की, मामी. आता राणी कोण होणार?"

"असू दे. कवड्यांच्या जागी फासे आले, तेही असू दे. पण साप गेला तर मग राहिलं काय?"

"चाळीतल्या बायांना खेळवून बघितला मी. इतकं चढून परत पहिल्या घरात आल्या की पदर झटकून उठतात. पाचातले चार डाव अर्धेच राहिले."

"उठू देत. त्या उठल्या, म्हणजे सापानं आपलं काम केलं."

शिवयोगी हसला, पण लगेच गंभीर झाला. छापखाना त्याचा स्वतःचा होता, छोटा, पायानं चालवायच्या मशीनचा. मामीनं हो म्हटल्याशिवाय एक प्रतही काढणार नाही, असं त्यानंच सांगितलं होतं. "दुपारपर्यंत सांगा. उद्यापासून मशीन शाळांच्या वह्यांना लागतंय, मग पुढच्या श्रावणापर्यंत सवड न्हाय. आणि तोवर हे कापड टिकतंय का बघा. यंदा तीनच बाया आल्या ना?"

तीनच आल्या होत्या. कापड घडीघडीवर विरलं होतं.

गंगम्मानं कागदावरची मोठी अक्षरं वाचली. शांतम्माचा संसारपट. सहा वर्षांपूर्वी, अखेरच्या दुखण्यात, शांतम्मानं हा पट पोटच्या लेकीला न देता सुनेच्या मांडीवर ठेवला होता. वाचा गेली होती. नुसते हात जोडले होते तिनं. देव आठवला असेल, असं गंगम्माला वाटलं होतं. तेव्हापासून एका रेघेचाही बदल तिनं होऊ दिला नव्हता.

"नाव त्यांचं नको घालूस," ती हळूच म्हणाली. "तुझा पट तू खुशाल छाप. पण साप नसलेल्या पटाला आत्याबाईंचं नाव, हे माझ्याच्यानं होणार नाही."

"नाव न्हाय तर छापून काय करू? मग तो कुठलाबी पट झाला की."

खांबाला टेकून शेंगा फोडत बसलेल्या निंगव्वानं टरफलं सुपात झटकली. निंगव्वा म्हणजे शिवयोगीची आई, शांतम्माची लेक, गंगम्माची थोरली नणंद.

"माज्या आईचा पट," ती म्हणाली. "मामी बोलती, भाचा बोलतो. मला कुनी इचारलं का?"

"तुम्हीच सांगा, वन्सं," गंगम्मा म्हणाली. "तुम्ही त्यांच्याजवळ बसून शिकलात. तुम्ही म्हणाल ते मी ऐकेन."

"कंचा साप म्हनतीस?"

"सत्त्याण्णवातला. गर्वाचा."

"त्यो व्हय!" निंगव्वा हसली. "त्यो आदी नव्हताच की. त्याच्यावाचून आमी लई डाव खेळलो. त्यो तुज्यापायी काढला आईनं, तू आलीस त्या श्रावणात. कुंचला मीच धुऊन दिलता."

शिवयोगीनं मान वर केली. गंगम्माचे डोळे भरून आले. एवढ्या घरात, एवढ्या बायांत, त्यांनी हा आपल्यासाठी काढला.

"माझ्यासाठी," ती म्हणाली. "एवढा गर्व होता का हो माझ्यात, वन्सं?"

"आठ वर्सांच्या पोरीत कसला गं गर्व!" निंगव्वानं पुढची मूठ शेंगांची घेतली. "दारात बसून मंद्रूपला जायचं म्हनून रडायचीस. गप बसंना झालीस, तवा आई बोलून गेली, शंभराव्या घरात पोचलीस की दुसऱ्या दिशी गाडी जुंपून तुज्या आईकडं सोडते. आन तू तर चौथ्याच दिशी नव्वदात येऊन बसलीस की."